कुजक्या वांग्याची नोंद

गेल्या एप्रिलमध्ये बार्शीहून माझ्या पुतण्याचा फोन आला. त्याचे भुसार मालाचे दुकान आहे, व्यवहार चोख आहे आणि स्वभाव सरळ आहे. त्याची मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून जीवरसायनशास्त्र हा तिचा विषय. पुण्यातील एका संशोधन संस्थेत उन्हाळ्याचे दोन महिने काम करण्याची संधी तिला मिळाली होती, आणि नेमकी तीच त्याची तक्रार होती.

"काका, राहण्या-जेवण्याचा खर्च आपला, हाती पगार नाही, मार्कांत भर नाही. आणि ती शोधणार काय, तर हरभऱ्याच्या कोणत्या वाणात कोणतं प्रथिन किती आहे! तुम्हीच सांगा, यातून निघणार काय?"

प्रश्न गैर नव्हता. बँकेच्या नोकरीत कर्जाच्या प्रत्येक अर्जदाराला मी हाच प्रश्न विचारत आलो आहे. म्हणून त्याला लगेच उत्तर दिले नाही, चार दिवसांची मुदत मागून घेतली. त्या चार दिवसांत जे वाचले, त्यातील एक हकिकत मी त्याला सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

हकिकत दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात सुरू होते. २०१० साली तेथील एका विद्यार्थिनीला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एक काम दिलेले होते: परिसरातील माती, पालापाचोळा, काहीही आणावे आणि त्यात फाज सापडतो का ते पाहावे. फाज म्हणजे जिवाणूंवर जगणारा विषाणू. माणसाला तो काही करत नाही. ठराविक जिवाणूच्या पेशीत शिरतो, आपल्या शेकडो प्रती तयार करतो आणि ती पेशी फोडून बाहेर पडतो. या विद्यार्थिनीने नमुना घेतला तो एका कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूचा. (आपल्यापैकी अनेकांच्या घरी वांगे चुलीपर्यंतही पोहोचत नाही, ही गोष्ट निराळी!) त्यात तिला एक फाज मिळाला. शोधणाऱ्याने नाव ठेवायचे, अशी या क्षेत्रातील रीत आहे. त्याचे नाव ठेवले गेले 'मडी', म्हणजे चिखल्या.

हे काम कसे चालते, ते थोडे सांगितले पाहिजे. नमुना द्रावणात घोळून अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. जिवाणू वर अडकतात, फाज खाली उतरतो. मग क्षयरोगाच्या जंतूचा एक निरुपद्रवी भाऊबंद घेऊन, त्यात हे गाळलेले द्रावण मिसळून, काचेच्या बशीत पसरतात. एक-दोन दिवसांत बशीभर जिवाणूंची दुधाळ साय धरते. त्या सायीत टाचणीने टोचल्यासारखे स्वच्छ ठिपके दिसले, तर तेथे फाजने आपले काम केले आहे असे समजावे. पुष्कळदा ठिपका दिसतच नाही. मग दुसरी माती आणायची, पुन्हा गाळायची. ठिपका मिळाला तरी तो उचलून, पातळ करून, पुन्हा पसरून शुद्ध करण्यात कित्येक आठवडे जातात. त्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्र आणि डीएनएचे वाचन. हे सर्व करणारी मुले अठरा-एकोणीस वर्षांची असतात.

अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाचे प्राध्यापक ग्रॅहम हॅटफुल यांच्या पुढाकाराने २००८ साली बारा महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी असाच अभ्यासक्रम सुरू झाला. आज शंभराहून अधिक संस्था त्यात आहेत. मुलांनी शोधलेले फाज पिट्सबर्गला शीतपेटीत जपले जातात. कोणी, कधी, कुठून, कशातून मिळवला, याची नोंद प्रत्येकाला असते. 'मडी'ही त्या संग्रहात जाऊन पडला आणि सात वर्षे त्याची कोणाला विशेष गरज भासली नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनहून हॅटफुल यांना विचारणा आली. तेथील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराची पंधरा वर्षांची एक मुलगी होती. दोन्ही फुप्फुसे बदलली होती. परंतु जुना जंतुसंसर्ग शस्त्रक्रियेच्या जखमेत, यकृतात, त्वचेवर पसरत चालला होता. जंतू मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, क्षयाच्या जंतूच्याच कुळातला. प्रतिजैविके हरली होती. तुमच्या संग्रहात याला मारणारे काही आहे का, एवढाच प्रश्न होता. अशाच दुसऱ्या एका रुग्णाच्या जंतूचा नमुनाही सोबत आला होता.

पिट्सबर्गला संग्रह तपासायला सुरुवात झाली. त्या मुलीच्या जंतूला पुरेपूर मारणारा एक फाज निघाला, 'मडी'. आणखी दोन अर्धवट उपयोगाचे होते. जिवाणूला न मारता त्याच्यात दडून बसण्याची त्यांची खोड एक जनुक काढून मोडावी लागली. जून २०१८ पासून या तिघांचे मिश्रण दर बारा तासांनी शिरेवाटे देण्यात आले, प्रत्येक मात्रेत सुमारे शंभर कोटी फाज. जखम भरत आली, यकृताचे काम सुधारले, त्वचेवरच्या गाठी विरत गेल्या. संसर्ग समूळ गेला असे नाही, पण मुलगी घरी गेली आणि पुन्हा अभ्यासाला लागली. २०१९ साली हा वृत्तान्त 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या रुग्णासाठी मात्र वेळेत काही सापडले नाही. तो रुग्ण दगावला. पुढे अशाच वीस रुग्णांवर हा उपचार झाला, त्यांपैकी अकरा जणांना गुण आला. हे आकडे मी पुतण्याला मुद्दाम सांगितले. नफ्याची बाजू तेवढी दाखवणे हा ताळेबंद नव्हे.

येथे माझा स्वतःचा एक अनुभव आठवतो. एम. कॉम.ला असताना आम्ही असंख्य तेरजा सोडवल्या. त्या जुळायच्याच, कारण उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले असे. बँकेत लागलो त्या वर्षी मार्चअखेरीस चाळीस पैशांचा फरक निघाला आणि रात्री साडेनऊपर्यंत सगळी शाखा तो शोधत बसली. हिशेब म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. आपल्या महाविद्यालयांतील विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचे बहुतांशी पहिल्यासारखेच आहे. उत्तर शिक्षकांना ठाऊक, मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये लिहिलेले. मुलाने तेथपर्यंत पोहोचायचे, नच पोहोचला तर आकडा जुळवून घ्यायचा. डर्बनच्या त्या विद्यार्थिनीच्या बशीत काय उगवणार, हे तिच्या शिक्षकांनाही माहीत नव्हते. अशा ठिकाणी आकडा जुळवून घेता येत नाही, आणि काही मिळाले नाही तर 'निरंक' म्हणून तेही लिहावे लागते.

आपल्याकडे अशी सोय अगदीच नाही असे नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी असा उपक्रम आहे. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधनासाठी विद्यावेतनही देतात. परंतु किती व्यापारी घरांत या अर्जांची चौकशी होते? सी. ए.च्या परीक्षेची तारीख मात्र आपल्याला पाठ असते.

पुतण्याने सगळे ऐकून घेतले. थोडा वेळ तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे काका, हिच्या हातून काही निघेलच असं नाही."

"नाही," मी म्हणालो. "बहुधा नाहीच निघणार."

मुलगी मेमध्ये पुण्याला गेली. ट्रिप्सिन हे पचनाचे प्रथिन अडवणारी द्रव्ये हरभऱ्याच्या दाण्यात असतात. दाणा खाणाऱ्या अळीला ती बाधतात. कोणत्या वाणात ती किती, हे तिला मोजायचे होते. पहिल्या पंधरवड्यात एकही वाचन दुसऱ्याशी जुळेना. नमुने बाजारातून आणलेले, त्यांत वाणांची सरमिसळ होती. तिने रडवेल्या आवाजात घरी फोन केला.

तिसऱ्या दिवशी बार्शीहून पार्सल आले. आत पाच पिशव्या होत्या: विजय, दिग्विजय, विशाल, जॅकी आणि काबुली. प्रत्येक पिशवीत पुतण्याच्या हस्ताक्षरातील चिठ्ठी होती. वाण, शेतकऱ्याचे गाव, आवकेची तारीख, आणि खाली कंसात: 'भिजलेला माल नाही. मी स्वतः पाहिला आहे.'