चित्राचाही बायोडेटा असतो, बॉस!

इंटरव्ह्यूला गेलात की ठरलेले प्रश्न : आधी कुठे होतात? किती वर्षं? का सोडलंत? मधे दोन वर्षांची गॅप दिसली की समोरच्याच्या भुवया वर! चित्रांच्या बाजारातही नेमका हाच फंडा चालतो. चित्र पहिल्यांदा कोणी घेतलं, पुढे कोणाकडे गेलं, कुठल्या प्रदर्शनात लागलं... या सगळ्या कुंडलीला म्हणतात प्रोव्हेनन्स. नकली चित्रांच्या जमान्यात खाली केलेल्या सहीपेक्षा या कुंडलीला भाव जास्त.

एक भन्नाट बायोडेटा बघा. एम. एफ. हुसेन. जन्म १९१५, आपल्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलेला माणूस. १९५४ मध्ये त्यांनी ‘ग्रामयात्रा’ रंगवलं. रुंदी जवळपास १४ फूट आणि त्यात खेड्यातल्या आयुष्याचे १३ वेगवेगळे प्रसंग. त्याच वर्षी ते दिल्लीत विकत घेतलं डॉ. लिऑन एलियास व्होलोडार्स्की यांनी. युक्रेनमध्ये जन्मलेले हे नॉर्वेचे डॉक्टर जागतिक आरोग्य संघटनेतर्फे दिल्लीत आले होते, छातीच्या शस्त्रक्रियेचं ट्रेनिंग सेंटर उभारायला. जाताना चित्र सोबत गेलं आणि १९६४ मध्ये ऑस्लोच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलला मिळालं.

म्हणजे ७० वर्षांत मालक फक्त दोन. एकही गॅप नाही. एकदम क्लीन रेकॉर्ड!

पण बायोडेटाचा दुसरा कॉलम बघितला की चुटपुट लागते. चित्र हॉस्पिटलच्या अशा कॉरिडॉरमध्ये टांगलेलं होतं, जिथे बाहेरच्या माणसाला प्रवेशच नव्हता. कित्येक दशकं त्यासमोरून ये-जा केली ती तिथल्याच लोकांनी. ज्या देशाची खेडी त्यात होती, त्या देशातल्या दोन पिढ्यांनी ते पाहिलंच नाही.

१९ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजने त्याचा लिलाव केला. अंदाज होता २५ ते ३५ लाख डॉलर. हातोडा पडला आणि खर्चासकट आकडा गेला सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरवर, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपये! आधीचा भारतीय विक्रम अमृता शेरगिल यांच्या चित्राचा, २०२३ मधला, ६१.८ कोटींचा. त्याच्या जवळजवळ दुप्पट. चित्र घेतलं दिल्लीच्या किरण नाडर म्युझियम ऑफ आर्टने आणि पैसे डॉक्टरांच्या ट्रेनिंगसाठी जाणार असं जाहीर झालं. डॉक्टरसाहेब खूश झाले असते. हुसेन मात्र हे बघायला नव्हते. २०११ मध्येच ते लंडनमध्ये गेले, तेही कतारचे नागरिक म्हणून.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आहे ना! बोनसच्या पैशातून एखाद्या नव्या चित्रकाराचं पहिलंवहिलं चित्र घ्याल, तेव्हा बिल मागाच. त्यावर चित्रकाराचं नाव, चित्राचं साल, माप, माध्यम लिहून घ्या. चित्राच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा आणि फ्रेम बदलताना मागची लेबलं खरवडू देऊ नका.

आणि कधी त्या चित्रकाराने प्रदर्शनासाठी चित्र मागितलं, तर महिनाभर भिंत रिकामी राहिली तरी चालेल, बिनधास्त द्या. बिलामुळे चित्र खरं ठरतं, पण ते जगतं चार लोकांनी पाहिल्यावरच!