हंसूं आणि हंसें

विनोद करणें सोपें आणि विडंबन करणें त्याहून सोपें, अशी तरुण मंडळींची समजूत दिसते. ज्यास स्वतः कांहीं रचतां येत नाहीं त्यानें दुसऱ्याच्या रचनेस वेडावून दाखवावें, एवढाच त्यांच्या मतें विडंबनाचा अर्थ. हा विषय या महिन्यांत घेण्याचें कारण असें कीं, महाड व पोलादपूर येथील आमच्या परिचयाच्या घरांतील पांच-सहा मुलांनीं सुटींत एक लघुपट करण्याचें योजिलें आहे. जादूचे मणि, उडते रथ आणि बोटांतून विजा सोडणारे मांत्रिक यांनीं भरलेले जे गचाळ मायापट निघतात, त्यांची वीस मिनिटांत टर उडवावयाची आणि खर्च चार-पांच हजारांवर जाऊं द्यावयाचा नाहीं, असा बेत आहे. वडील मंडळींपैकीं कांहींस हा वेळेचा अपव्यय वाटतो. कांहींस देवादिकांची चेष्टा होईल अशी भीति वाटते. आम्हांस बेत पसंत आहे. मात्र त्यांतील एक कलम मुळींच पसंत नाहीं. तें पुढें सांगूं.

प्रथम अपव्ययाचा आक्षेप घेऊं. नाशिक जिल्ह्यांतील मालेगांव हें यंत्रमागांचें शहर. तेथें व्हिडिओगृह चालविणारे शेख नासिर यांनीं २००० सालीं स्थानिक मंडळींस जमवून ‘मालेगांव के शोले’ हा चित्रपट काढिला. १९७५ सालच्या सुप्रसिद्ध ‘शोले’चें तें विडंबन. मूळ चित्रपटांत दरोडेखोर घोड्यांवरून येतात. मालेगांवीं ते सायकलींवरून आले. खर्च सुमारें ५० हजार रुपये. पुढें याच मंडळींनीं, अमेरिकेंत १९३८ सालीं जन्मास आलेला सुपरमॅन हा वीर मालेगांवीं आणिला. नायक झाले शफीक शेख. हे यंत्रमागावरील कामगार, आणि देहयष्टि अगदीं काडीसारखी! त्यांस हिरव्या पडद्यापुढें उडविण्यांत आलें. मध्येंच कॅमेरा पाण्यांत पडला. मध्येंच नायकाचें लग्न निघालें. ही सर्व धडपड फैजा अहमद खान यांनीं ‘सुपरमेन ऑफ मालेगांव’ या २००८ सालच्या माहितीपटांत टिपली आहे. आणि २०२४ सालीं रीमा कागती यांनीं त्या मंडळींवर कथापटही केला.

या चित्रपटांतील खलनायक घाणीचा आणि तंबाखूचा भोक्ता आहे, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. म्हणजे हंसण्याचा विषय परदेशचा वीर नसून आपल्याच गांवचा रोग होता. आणि त्या रोगाशीं झगडणारा वीर आपल्यांतलाच एक किडकिडीत विणकर होता. शफीक शेख यांस २०११ सालीं कर्करोगानें अकालीं मृत्यु आला. हें कळल्यावर तीं दृश्यें पाहणाऱ्याचें हंसूं ओठांवरच थांबतें. ज्या उद्योगानें यंत्रमागावरील माणसास चार दिवस आकाशांत नेलें, त्यास अपव्यय म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

आतां देवादिकांच्या चेष्टेविषयीं. याच नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं दादासाहेब फाळके जन्मले. त्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटांत साळुंके नांवाच्या एकाच नटानें राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. ‘कालियामर्दन’ (१९१९) मध्यें फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. कॅमेरा क्षणभर थांबवून वस्तु बदलणें, एकाच फितीवर दोनदां छाप घेणें, अशा युक्त्यांवर त्यांचे चमत्कार उभे होते. आजच्या पोरासही त्या ओळखूं येतील. तथापि त्यांस कोणी गचाळ म्हणत नाहीं. यावरून उघड होतें कीं, साधनांचें दारिद्र्य हा हंसण्याचा विषय नव्हे.

मग मायापट गचाळ कशानें होतो? जादूस नियम नसल्यानें. नायक संकटांत सांपडतो, तोंच पूर्वीं कधीं न उल्लेखिलेला मणि त्यास आठवतो आणि शत्रूची राख होते! ज्या कथेंत वाटेल तें होऊं शकतें, तिच्यांत कांहींही झालें तरी श्रोत्यास त्याचें सोयरसुतक नसतें. याउलट आमच्या पुराणांतील चमत्कार पाहा. हिरण्यकशिपूस मनुष्य मारूं शकत नाहीं, पशु मारूं शकत नाहीं; दिवसां मरण नाहीं, रात्रीं नाहीं; घरांत नाहीं, बाहेर नाहीं. एकदां वर दिला म्हणजे प्रत्यक्ष विष्णूसही तो मोडतां येत नाहीं. त्यास संध्याकाळ आणि उंबरठा शोधावा लागतो. तेव्हां बेबंद जादूची थट्टा करणारीं मुलें पुराणांचा अवमान करीत नसून, उलट पुराणकारांचा पक्ष घेत आहेत.

विडंबनकारास मूळ वस्तु इतरांहून अधिक ठाऊक असावी लागते. सर्व्हांटिस या स्पॅनिश लेखकानें १६०५ सालीं डॉन क्विक्झोटची कथा लिहिली, ती वीरकथा कोळून प्यालेल्याच्या हातची आहे. अत्र्यांच्या ‘झेंडूचीं फुलें’ या १९२५ सालच्या संग्रहासही तोच न्याय लागू आहे. मुलांनीं प्रथम चार वाईट मायापट वही घेऊन पाहावे. दुसरें असें कीं, नटानें स्वतः हंसूं नये. पंचाचा झगा पांघरून गच्चीवरून आकाशवाणी करणाऱ्यानें ती इतक्या गांभीर्यानें करावी कीं, हंसावें कीं नाहीं असा प्रेक्षकास क्षणभर संशय पडावा.

हिरव्या पडद्याची युक्ति घरींही साधते. मोबाईलच्या कॅमेऱ्यांत हिरवा रंग टिपणारे कण लाल किंवा निळ्याच्या दुप्पट असतात, आणि मानवी त्वचेचा रंग हिरव्याहून अगदीं निराळा. म्हणून तेवढाच रंग काढून त्याजागीं मेघमंडळ बसवितां येतें. कापडास सुरकुती नसावी, त्यावर सांवली पडूं नये, आणि नटानें हिरवें वस्त्र नेसूं नये. नाहीं तर वनदेवतेचें मस्तक तेवढें आकाशांत तरंगेल. आमच्याकडे पावसाळ्यांत डोंगरच्या डोंगर हिरवा असतो, तेव्हां हें काम अंगणांत केलेलें बरें. गांधारपालें येथील लेण्यांत राक्षसाची गुहा दाखवावयाची, तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. आणि पावसाळ्यांत सावित्रीच्या पात्राजवळ तर जाऊंच नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडनजीकचा जुना पूल या नदीनें एस. टी. च्या गाड्यांसह नेला, हें या तालुक्यांत कोणास सांगावयास नको.

आतां तें नापसंत कलम. राक्षसाच्या कामासाठीं वाडीवरचा एक कातकरी मुलगा आणावयाचा असें ठरलें आहे. कारण विचारतां उत्तर मिळालें, “त्यास रंग लावावा लागणार नाहीं!” मुलें दुष्ट नाहींत, त्यांनीं गचाळ मायापटांतील सर्वांत गचाळ रीति न कळत उचलली आहे. काळा तो दुष्ट, कुरूप तो मूर्ख, रानांत राहतो तो नरभक्षक, हीच तर त्या चित्रांची खरी लबाडी. तिची थट्टा करावयास निघून तिचीच री ओढणें, ही विडंबनाची शोकांतिका होय. ज्या महाडांत १९२७ सालीं माणसांस चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं सत्याग्रह करावा लागला, तेथें कोणी कोणास हंसावें याचा विचार अंमळ अधिकच केला पाहिजे.

या बाबतींत आमचे संस्कृत नाटककार आम्हांस उत्तम मार्ग दाखवितात. त्यांच्या नाटकांतील विदूषक कोण? शाकुंतलांतील माधव्य घ्या, मृच्छकटिकांतील मैत्रेय घ्या, बहुधा ब्राह्मण! खादाड, भित्रा आणि ओबडधोबड. सभेंत बसलेले विद्वान् आपल्याच जातीच्या माणसाकडे पाहून पोट धरून हंसत. तेव्हां आमची सूचना अशी कीं, राक्षस व्हावें गोऱ्यागोमट्या जोशी-लेल्यांच्या मुलांनीं. आणि वाडीवरच्या मुलास बोलवावयाचेंच असेल, तर त्यास विचारून नायक करावें. तो झाडावर सरसर चढतो. आमचे राजपुत्र गच्चीच्या शिडीवर थरथरतात. खरा विनोद तेथेंच आहे, आणि त्यास हिरवा पडदाही लागत नाहीं.

दुसऱ्यास हंसविणें ही कला. दुसऱ्याचें हंसें करणें हा केवळ आडदांडपणा. दोहोंतील भेद मुलांस एकदां कळला, म्हणजे चार-पांच हजार रुपये सत्कारणीं लागले असें समजण्यास हरकत नाहीं.