विडी, सिगारेट आणि तरुण वय

धूम्रपानाचे दुष्परिणाम सांगूं लागलें कीं आमचे तरुण मित्र हंसून म्हणतात, "ते म्हातारपणाचे रोग! तोंवर केव्हांच सोडून देऊं." आमच्या मतें विडीइतकीच ही समजूतहि घातक आहे.

१९०८ सालीं न्यूयॉर्क येथील डॉक्टर लिओ बर्गर ह्यांनीं एका रोगाचें सविस्तर वर्णन केलें. तो रोग त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. तो बहुधा पंचेचाळिशीच्या आंतील पुरुषांस होतो, आणि तोहि जवळजवळ सर्वस्वी तंबाखू सेवन करणारांस. हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा दाह होऊन त्यांत रक्त गोठतें. प्रथम चालतांना पायांत कळा येतात, मग बोटें काळीं पडतात, आणि कित्येकांचा पाय कापावा लागतो. आपल्या देशांतील विडी ओढणारांत हा रोग अपरिचित नाहीं. तंबाखू समूळ सोडणें हाच त्यावर खरा उपाय. दिवसाला एकदोन विड्या चालू ठेवल्या तरी तो हटत नाहीं. ह्यास म्हातारपणाचा रोग कोण म्हणेल?

विडींत तंबाखू थोडी, म्हणून ती निरुपद्रवी, असेंहि कित्येकांस वाटतें. परंतु टेंभुर्णीच्या पानाची विडी लवकर विझते. ती पेटती ठेवण्यासाठीं वरचेवर झुरके घ्यावे लागतात व धूर अधिकच आंत जातो.

ब्रिटनमधील डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षें पाहणी झाली. सिगारेट न सोडणारांचें आयुष्य सरासरीनें सुमारें १० वर्षांनीं घटलें. तिशींत सोडणारांची ही हानि बहुतेक सर्व टळली. आमचे मित्र हें दुसरें वाक्य तेवढें लक्षांत ठेवतील! पण अठराव्या वर्षीं धरलेलें व्यसन तिसाव्या वर्षीं सोडूं म्हणतां सुटतें काय? निकोटिनची पकड ज्यांनीं अनुभविली आहे अशा आपल्या काकामामांस त्यांनीं विचारावें.

पालकांसहि एक विनंति आहे. आपल्यासाठीं विडी आणावयास मुलास धाडूं नये. उपदेशाच्या तासास शरीराचें पावित्र्य शिकलेला मुलगा सायंकाळीं वडिलांची विडी आणावयास धांवतो, तेव्हां कोणता धडा पक्का होतो? २००३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांस, तसेंच शाळेपासून १०० यार्डांच्या आंत, तंबाखू विकण्यास बंदी आहे. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें सुटी विडी-सिगारेट विकण्यासहि मनाई केली, आणि तें योग्यच झालें. अख्खें पाकीट घेण्याइतके पैसे विद्यार्थ्यापाशीं नसतात, एक सिगारेट मात्र खाऊच्या पैशांत येते. तरीहि वडिलांचें नांव सांगणाऱ्या मुलास एखादा दुकानदार हळूच विडी काढून देतो, आणि परतीच्या वाटेवर ती पेटवून पाहण्याचा मोह त्या पोरास एकट्यालाच आवरावा लागतो.