कर वाचतो, पण व्याजाचं काय?

एप्रिलमध्ये एचआरचा फॉर्म आला की मिहानमध्ये जेवणाच्या सुट्टीत एकच चर्चा: एनपीएस घ्यायचं का? आपली मुलं ‘त्यात व्याज आहे’ म्हणून गप्प बसतात. मीही अनेक वर्षं तेच केलं.

आधी हिशेब. जुन्या करप्रणालीत स्वतः भरलेल्या पैशांवर दीड लाखाच्या नेहमीच्या मर्यादेपलीकडे आणखी ५० हजारांची वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. तिथे सूट फक्त कंपनीने भरलेल्या हिश्शावर, बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत. बेसिक ५० हजार असेल तर महिन्याला ७ हजार, म्हणजे वर्षाला ८४ हजारांवर कर नाही. (हे पैसे बहुतेक वेळा आपल्याच सीटीसीतून वळते होतात, ते वेगळं.) मोमिनपुऱ्यात स्वतःचं दुकान चालवणाऱ्या भावाला कंपनीच नाही, त्यामुळे नव्या प्रणालीत त्याच्या हाती काहीच नाही.

आता व्याज. कर वाचतो म्हणून रोख्यांचं व्याज हलाल होत नाही. शेअरच्या योजनेतही बँका असतातच, आणि निवृत्तीला साधारणपणे काही रक्कम ॲन्युइटीत घालावी लागते.

पण एनपीएसमध्ये शेअर, कंपनी रोखे, सरकारी रोखे असे कप्पे आधीच वेगळे आहेत. निफ्टीचे शरिया निर्देशांकही आहेत. त्यावर आधारलेला आणखी एक कप्पा उघडणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. ॲन्युइटीला पर्याय शोधणं जास्त कठीण, तरी मागायला हवा. पीएफआरडीए आपल्या मसुद्यांवर लोकांची मतं मागवते. आपल्यापैकी किती जणांनी कधी लिहिलं? पुढचा मसुदा आला की मी लिहिणार आहे.