रक्त वाढविणाऱ्या इंजेक्शनाची जन्मकथा

डायलिसिस घेणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी, फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी, एक छोटी सिरिंज जपून ठेवलेली असते. तिच्यातील औषध म्हणजे एरिथ्रोपोएटिन. निरोगी मूत्रपिंडे हे संप्रेरक स्वतःच तयार करतात. ती थकली, की अस्थिमज्जेला तांबड्या पेशी घडविण्याचा आदेश मिळेनासा होतो आणि चार पायऱ्या चढतानाही धाप लागते.

१९७७ साली हे संप्रेरक प्रथम शुद्ध रूपात मिळाले, ते जपानी रुग्णांच्या सुमारे २,५५० लिटर मूत्रातून! हाती आले अवघे काही मिलिग्रॅम. एवढ्यावर किती रुग्णांची तहान भागणार?

१९८३ साली अमेरिकेत ॲमजेन कंपनीच्या फू-कुएन लिन यांनी त्याचे जनुक वेगळे केले. प्लास्मिड, म्हणजे डीएनएचे छोटे वर्तुळ, हे त्याचे वाहन. त्यातून ते हॅमस्टर या प्राण्याच्या, प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत सोडण्यात आले. जिवाणू अधिक स्वस्त पडले असते. परंतु या संप्रेरकावर शर्करेच्या साखळ्या असाव्या लागतात, आणि त्या नसतील तर ते शरीरात टिकत नाही.

तरीही अडचण होतीच. जनुक पेशीत शिरले, म्हणजे भरपूर उत्पादन होते असे नाही. त्यावरील युक्ती मोठी मार्मिक आहे. फोलेटच्या वापरासाठी आवश्यक असलेले एक विकर ज्या पेशींत नाही, अशाच पेशी निवडल्या आणि त्या विकराचे जनुकही सोबत दिले. मग त्या विकराला रोखणारे मेथोट्रेक्सेट हळूहळू वाढवीत नेले. (होय, संधिवाताची आठवड्यातून एकदाच घ्यावयाची तीच गोळी, रोज मुळीच नव्हे.) ज्या पेशींत विकराच्या जनुकाच्या अनेक प्रती झाल्या, त्याच तगल्या, आणि शेजारच्या एरिथ्रोपोएटिनच्या जनुकाच्याही प्रती आपोआप वाढल्या. १९८९ साली अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

पेशींकडून अधिकाधिक घ्यावे. रुग्णाच्या बाबतीत मात्र हा न्याय लागू नाही. ‘अशक्तपणा फार आहे, एक इंजेक्शन जास्त देऊ या’ असा मोह सुश्रूषा करणाऱ्यांना होतो. हिमोग्लोबिन १३ च्या पुढे नेण्याच्या प्रयत्नांत हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे मोठ्या अभ्यासांत आढळले आहे. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. रक्तदाब नियमित मोजावा. सिरिंज २ ते ८ अंश तापमानात ठेवावी, गोठू देऊ नये, हलवू नये. एकाएकी तीव्र डोकेदुखी झाली, वाचा अडखळली किंवा एक हात लुळा पडला, तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.