अनुदान मार्चचे, ज्वारी ऑक्टोबरची

एखाद्या प्राध्यापकाचा संशोधन प्रकल्प मंजूर झाला, की त्या दिवशी महाविद्यालयात पेढे वाटले जातात. प्राचार्य गुलाबपुष्प देतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोसह बातमी येते आणि त्यात लाखांचा आकडा ठळक असतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटते, सरांना घबाड मिळाले. घरच्यांनाही पहिले दोन-चार दिवस तसेच वाटते. पुढे सर रात्री अकरापर्यंत कोटेशनांचे तुलनात्मक तक्ते करीत बसलेले दिसू लागतात, तेव्हा घबाड कुणाचे आणि हमाली कुणाची, हे सगळ्यांनाच कळून चुकते.

मी स्वतः असा एक प्रकल्प तीन वर्षे सांभाळला. विषय होता कोरडवाहू ज्वारीच्या मुळांचा. मंजुरीपत्र जुलैत आले. आपल्या सोलापूर भागात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा-हस्ताच्या भरवशावर होते. पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात पडला डिसेंबरात. तोवर आसपासच्या रानात ज्वारी पोटरीत आली होती. पत्रात मात्र स्पष्ट लिहिलेले, की रक्कम ३१ मार्चपूर्वी खर्च व्हावी. मार्चात काही ज्वारी पेरता येत नाही! मग आम्ही काय केले? जे सगळे करतात तेच. एक संगणक, एक प्रिंटर आणि थोडे काचसामान घेतले. तीन वर्षांतले एक वर्ष पेरणीवाचून गेले. कागदावर मात्र खर्च शंभर टक्के आणि लेखापरीक्षकाचा शेरा निर्दोष.

हे वाचून कुणी लेखापालांना शिव्या घालू नयेत. पैसा सरकारचा, म्हणजे जनतेचा आहे. त्याचा पै न् पैचा हिशेब मागणे गैर नाही. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांप्रमाणे दर वर्षीच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र ‘१२-अ’ नमुन्यात द्यावे लागते, ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत. पडून राहिलेल्या रकमेवर बँकेने व्याज दिले तर तेही भारताच्या संचित निधीत परत भरायचे. घेतलेले यंत्र साठा नोंदवहीत चढवायचे, परवानगीवाचून विकायचे नाही. यातली एकही अट मला जाचक वाटत नाही. आम्हा प्राध्यापकांतच असे पुष्कळ आहेत, की प्रस्ताव लिहिताना विद्वत्ता पाजळतात आणि पावत्या मात्र टेबलाच्या खणात कोंबून ठेवतात. मग तिसऱ्या वर्षी प्रमाणपत्र अडते, हप्ता अडतो आणि दोष दिल्लीला.

दुखणे आहे ते वेळापत्रकाचे. आर्थिक वर्षाचे कॅलेंडर आणि पावसाचे कॅलेंडर यांची गाठ पडत नाही. अलीकडे केंद्राच्या बहुतेक योजनांत शून्य शिल्लक खात्याची पद्धत आली. पैसा संस्थेकडे पडून राहत नाही, मर्यादेपुरताच काढता येतो. व्याजाची भानगड त्यामुळे मिटली. पण मर्यादा उशिरा आली आणि मार्च उलटला, तर वापरायचे राहिलेले तिथेच संपते. मुळांना नियम कळत नाहीत.

या बाबतीत सोलापूरला एक जुनी आठवण आहे. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीच्या प्रयोगांची सुरुवात झाली. पुढे शाही कृषी संशोधन परिषदेने अशा संशोधनाला पैसा दिला आणि १९३३ पासून सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर, रोहतक अशी केंद्रे उभी राहिली. इथले काम जवळजवळ दहा वर्षे सलग चालले. बांध घालणे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी ही ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ त्याच काळात आकाराला आली. एन. व्ही. कानिटकरांचा या विषयावरचा ग्रंथ १९४४ साली परिषदेनेच छापला. शेजारी मोहोळला १९३० च्या दशकात निवडीतून निघालेली मालदांडी ३५-१ आजही आपल्या ताटातल्या भाकरीत आहे. हे दहा वर्षांचे फळ आहे. तीन वर्षांच्या अनुदानात दुष्काळाचे एकही वर्ष आले नाही, तर दुष्काळाचा अभ्यास कसा व्हायचा? सोलापूरचा पाऊस काही प्रकल्पाची मुदत विचारून ताण देत नाही. १९७० च्या अखिल भारतीय समन्वित योजनेत सोलापूर केंद्र आले, म्हणून इथे तरी सलग नोंदी राहिल्या. महाविद्यालयांच्या छोट्या प्रकल्पांना तो आधार नाही.

सगळ्यात जास्त हाल होतात ते संशोधन सहायकाचे. केंद्राच्या दराने कनिष्ठ फेलोला जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये आहेत. आकडा वाईट नाही. पण तो महिन्याच्या महिन्याला मिळेल तर! माझ्याकडचा मुलगा सांगोल्याकडचा होता, घरी दोन बहिणी. पाच महिने त्याला पैसे मिळाले नाहीत. मेस लावायला मित्राकडून उसने घेई आणि सकाळी सहाला शेतावर हजर असे. सहाव्या महिन्यात सगळी रक्कम एकदम आली, तोवर त्याने खासगी कोचिंग क्लासात नोकरी धरली होती. त्याने मोजलेल्या मुळांच्या वह्या अजून माझ्याकडे आहेत. अक्षर मोत्यासारखे.

यावर उपाय अवघड नाहीत. संस्थेने आपल्या निधीतून सहायकाचा पगार उचल म्हणून द्यावा आणि हप्ता आल्यावर वळता करून घ्यावा. चार-पाच प्रकल्पांमागे एक जाणता लेखनिक नेमावा, म्हणजे प्राध्यापक शेतावर जाईल. सरकारने शेतीच्या प्रकल्पाचा पहिला हप्ता ऑगस्टच्या आत सोडावा आणि न झालेला खर्च विनासायास पुढच्या वर्षी ओढू द्यावा. जून २०२५ मध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी कोटेशनवाचून खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली. चांगले झाले. पण जिल्ह्याच्या महाविद्यालयाचा भांडारपाल जुन्याच सवयीने तीन कोटेशने मागतो, आणि त्यालाही दोष देववत नाही. शेरा आला तर नोकरी त्याची जाते.

गेल्या महिन्यात एक तरुण सहकारी पेढे घेऊन घरी आला. त्याचा करडईवरचा प्रकल्प मंजूर झाला होता. मी विचारले, ‘‘पेरणी कधीची धरलीस?’’ म्हणाला, ‘‘सर, सुरुवात एप्रिलची दाखवलीय, म्हणजे उशीर झाला तरी सप्टेंबर गाठता येईल. आणि बियाण्याचे पैसे मी पगारातून बाजूला काढून ठेवलेत.’’