आपापल्या घरासमोर

दरवर्षीं पावसाळा भरांत आला कीं, आमच्या वर्गांतील कांहीं बाकें रिकामीं होऊं लागतात. कोणास हिंवताप, कोणास डेंग्यू, कोणास कावीळ! रोग्यास औषध डॉक्टर देतात. पण तुंबलेल्या गटारास व कोंदट खोलीस औषध कोणीं द्यावें? "म्युनिसिपालिटीनें," असें म्हणून आपण मोकळे होतों. हें उत्तर अर्धेंच खरें आहे, असें आमचें नम्र मत आहे.

मुंबईचाच इतिहास पाहा. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. विएगस यांनीं प्लेग ओळखला. हा रोग उंदरांवरील पिसवांनीं पसरतो, आणि त्या अंधाऱ्या, खच्चून भरलेल्या चाळी म्हणजे उंदरांस मोकळें रान! पुढें १८९८ सालीं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढून समुद्राचा वारा आंत आणावा, दादर-माटुंग्याकडे नवीन वसाहती आखाव्या, ही त्याची दृष्टि खरोखर दूरची होती. परंतु ज्यांचीं बिऱ्हाडें पाडलीं गेलीं, त्यांपैकीं पुष्कळ गरीब लोक शेजारच्याच चाळींत दाटीवाटीनें शिरले. नकाशा आंखणारांच्या बैठकींत त्यांना जागाच नव्हती.

आज तशी स्थिति नाहीं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यान्वयें शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. मैदान कोठें, दवाखाना कोठें, रस्ता किती रुंद, हें सर्व त्यांत असतें. आपण मात्र मुदत जाऊं देतों, आणि मैदान गेल्यावर हळहळतों. जो हक्क त्या चाळकऱ्यांस लाभला नाहीं, तो आपण आळसानें गमावावा, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

नहेम्यानें यरुशलेमेचा कोट ५२ दिवसांत कसा उभारला, तें पवित्र शास्त्रांत वाचावें. सोनारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सारे राबले. कित्येकांनीं आपापल्या घरासमोरील भाग दुरुस्त केला. एका गांवच्या सरदारांनीं अंग चोरलें, हेंही तेथें नमूद आहे!

विद्यार्थीमित्रहो, घरचें पिंप आठवड्यांतून एकदां घासून कोरडें करा. गटार तुंबल्यास वडिलांकडून अर्ज लिहवून घ्या. आणि आराखडा प्रसिद्ध झाला म्हणजे तो पाहावयास त्यांच्याबरोबर जा. पुढील पावसाळ्यांत तुमच्या शेजारचा सोबती बाकावर दिसावा, एवढेंच आमचें मागणें आहे.